आजोबांची सवलत

मित्रमैत्रिणींनो, आधी एक प्रश्न विचारते. एका खाणावळीच्या दारावर पाटी आहे : 'पोटभर जेवण, शंभर रुपये.' तुम्ही आत जाता, ताटावर बसता. तीन चपात्या होतात. चौथी मागितली, की वाढपी म्हणतो, 'मिळेल की! पण अर्ध्या तासानं, आणि अर्धीच.' आता सांगा, हे जेवण पोटभर म्हणायचं का? तुम्ही म्हणाल, 'छे! ही तर शुद्ध फसवणूक!' खाणावळवाला म्हणेल, 'वाढायचं बंद कुठं केलंय? वाढतोच आहे!'

उत्तराची घाई करू नका. आज मी तुम्हांला अशाच एका 'पोटभर' शब्दाची हकिगत सांगणार आहे. ती अमेरिकेत घडली. तिच्यात एक मोबाईल फोन आहे, थोडा इतिहास आहे आणि थोडं गणितही आहे. घाबरू नका, गणित बेरीज, वजाबाकी आणि गुणाकाराच्या पलीकडे जाणार नाही!

मी मूळची सांगलीची. लग्नानंतर अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात आले आणि इथलीच झाले. इथं आल्यावर ज्या गोष्टींचं मला नवल वाटलं, त्यांतली एक म्हणजे मोबाईल विकत घेण्याची पद्धत. आपल्याकडे कसं, फोन एका दुकानातून घ्यायचा, सिमकार्ड दुसऱ्या दुकानातून. फोन बदलला तर कार्ड जुन्या फोनातून काढायचं, नव्यात घालायचं. झालं! फोनचा आणि प्लॅनचा एकमेकांशी काही संबंध नाही.

अमेरिकेत बरीच वर्षं तसं नव्हतं. तिथं फोनही कंपनीकडूनच घ्यायचा आणि सेवाही तिचीच. ६५० डॉलरचा फोन कंपनी तुम्हांला २०० डॉलरला द्यायची. वरचे ४५० डॉलर कोण भरणार? कंपनी! केवढी उदार, नाही का? पण मित्रांनो, कंपनी म्हणजे काही धर्मशाळा नव्हे. फोन देताना ती दोन वर्षांचा करार लिहून घ्यायची. दोन वर्षं तुम्ही दरमहा बिल भरायचं, मध्येच सोडून गेलात तर दंड. ते ४५० डॉलर त्या मासिक बिलांतून हळूहळू वसूल व्हायचे. दोन वर्षं संपली की पुन्हा नवा स्वस्त फोन, पुन्हा नवा करार. लोकांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की फोनची खरी किंमत काय हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसायचं.

आता त्या 'पोटभर' शब्दाकडे येऊ. २९ जून २००७ रोजी अमेरिकेत पहिला आयफोन विक्रीला आला. तो एकाच कंपनीकडे मिळायचा, तिचं नाव एटी अँड टी. त्याच्या प्लॅनमध्ये इंटरनेट अमर्याद होतं, म्हणजे इंग्रजीत 'अनलिमिटेड'. पुढच्या वर्षी, २००८ साली, आयफोनचं दुसरं रूप आलं, तेव्हा या अमर्याद इंटरनेटचे महिन्याला ३० डॉलर पडायचे. हवं तेवढं वापरा, मोजदाद नाही! कंपन्यांनी असं का केलं असेल? कारण तेव्हा लोक फोनवर वापरून वापरून वापरणार काय? दोन ईमेल पाहतील, हवामान पाहतील, नकाशा पाहतील. ज्या पाव्हण्याला चपाती ठाऊकच नाही, त्याला 'पोटभर खा' म्हणायला काय जातंय?

पण पाव्हण्यांना चपातीची चटक लागली! लोक फोनवर गाणी ऐकू लागले, चित्रपट पाहू लागले. आणि इथं एक अडचण होती. फोनचं इंटरनेट येतं ते टॉवरकडून, रेडिओलहरींवर बसून. एका टॉवरपाशी लहरींचा जेवढा पट्टा असेल, तेवढाच त्या भागातल्या सगळ्यांनी मिळून वापरायचा. चाळीतला सार्वजनिक नळ आठवा. पाणी येतंय तोवर एकटी काकू दोन बादल्या भरून गेली तर कुणाची तक्रार नाही. पण एकाच वेळी वीस जणी पिंपं घेऊन आल्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला करंगळीएवढी धार!

कंपन्यांनी हात आखडता घेतला. एटी अँड टीनं ७ जून २०१० पासून नव्या गिऱ्हाइकांना अमर्याद प्लॅन देणं बंद केलं. व्हेरायझन या दुसऱ्या मोठ्या कंपनीनं जुलै २०११ मध्ये तेच केलं. यापुढे मोजून इंटरनेट, जास्त वापरलंत तर जास्त पैसे. पण जुन्या गिऱ्हाइकांचं काय? त्यांना तर 'हवं तेवढं' म्हणून सांगितलेलं. कंपन्यांनी ठरवलं, ज्यांच्याकडे अमर्याद प्लॅन आहे त्यांच्याकडे तो राहू द्यावा, पण एकदा सोडला की पुन्हा मिळणार नाही.

अशा सवलतीला इंग्रजीत एक मजेदार शब्द आहे : 'ग्रँडफादर्ड'. म्हणजे आजोबांच्या नावानं मिळालेली! माझ्या मुलीनं तो शब्द प्रथम ऐकला तेव्हा ती खूप हसली. पण त्या शब्दामागची कथा मात्र हसण्यासारखी नाही. ऐका.

अमेरिकेत १८६५ साली यादवी युद्ध संपलं आणि गुलामगिरी गेली. १८७० साली राज्यघटनेत दुरुस्ती झाली, की वंश किंवा रंग यांवरून कुणाचाही मताचा हक्क नाकारता येणार नाही. पण दक्षिणेतल्या काही राज्यांच्या मनातून काळ्या लोकांना मत द्यायचं नव्हतं. त्यांनी युक्ती काढली. मतदाराला लिहितावाचता आलं पाहिजे, नाहीतर त्याच्या नावावर मालमत्ता पाहिजे, अशा अटी घातल्या. तिथं दुसरीच पंचाईत झाली. अशिक्षित आणि गरीब गोरे लोकही पुष्कळ होते, तेही त्यांत अडकणार! मग १८९८ साली लुइझियाना राज्यानं नियम केला, की १ जानेवारी १८६७ रोजी किंवा त्याआधी ज्याला स्वतःला, किंवा ज्याच्या वडिलांना वा आजोबांना मताचा हक्क होता, त्याला या अटी माफ. दिसायला किती साधा नियम, नाही? पण त्या तारखेपर्यंत तिथल्या काळ्या लोकांच्या आजोबांना मताचा हक्क कुठून असणार? ते तर गुलाम होते! नियमात रंगाचा उल्लेखही नाही आणि काळे लोक मात्र बरोबर बाहेर. ओक्लाहोमा राज्याचा असाच एक नियम १९१५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवला. कायदा गेला, शब्द मात्र भाषेत राहिला. आज तो 'जुन्यांना जुना नियम, नव्यांना नवा' एवढ्याच अर्थानं वापरतात.

तुम्ही म्हणाल, 'हे सगळं तिकडचं!' तसं नाही हं. आपल्याकडेही आजोबांची सवलत आहे. मुंबईत गिरगावात कुणी नातेवाईक जुन्या चाळीत राहत असतील, तर त्यांचं भाडं विचारा. आसपास एका खोलीला हजारो रुपये पडत असताना त्यांचं भाडं इतकं कमी असेल, की तुम्हांला खोटं वाटेल. १९४७ साली मुंबई इलाख्यात भाडेनियंत्रणाचा कायदा झाला आणि जुन्या भाडेकरूंची भाडी जवळपास गोठली. म्हणून लोक खोली सोडत नाहीत. आणि एवढ्याशा भाड्यात मालक जिना दुरुस्त करत नाही! किंवा घरात कुणी राज्य सरकारच्या नोकरीत असेल तर विचारा, 'तुम्ही १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलात की नंतर?' आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन, नंतर लागलेल्यांना नवे नियम. एकाच टेबलाशी बसणारे दोघे जण, काम एक, पण नियम दोन! तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे.

आता आमच्या घरची गोष्ट. आमच्याकडेही असा एक जुना अमर्याद प्लॅन होता, माझ्या नावावर. ज्या दिवशी घेतला त्या दिवशी त्याचं काही अप्रूप नव्हतं. तेव्हा सगळेच घ्यायचे. तो किती मोलाचा आहे हे कळलं २०१२ साली.

त्या वर्षी सांगलीला माझ्या बाबांना अर्धांगाचा झटका आला. बाबा म्हणजे निवृत्त शिक्षक. आयुष्यभर गणित शिकवलेलं. उजवा हात आणि उजवा पाय गेला आणि जीभ वळेनाशी झाली. समज मात्र अगदी शाबूत! सगळं कळायचं, सगळं आठवायचं, पण तोंडून शब्द उमटायचा नाही. आता मला सांगा, अशा माणसाशी साध्या फोनवर बोलणार कसं? मी इकडून 'बाबा, कसे आहात?' म्हणायची आणि तिकडून नुसता श्वास ऐकू यायचा. पण व्हिडिओ कॉल लावला, की ते दिसायचे. डोळ्यांनी हसायचे. वहिनीनं त्यांना एक पाटी आणून दिली होती. तिच्यावर ते डाव्या हातानं, वेडंवाकडं का होईना, दोन-चार शब्द लिहायचे आणि वहिनी ती पाटी कॅमेऱ्यासमोर धरायची.

वेळेचं गणित मात्र अवघड होतं. सांगली आमच्या उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे, हिवाळ्यात साडेदहा तास. मी संध्याकाळी घरी पोचायची तेव्हा तिकडे पहाट झालेली नसायची. आमचे सकाळचे सात म्हणजे तिकडचे दुपारचे साडेचार. तीच बाबांना उशीला टेकवून बसवायची आणि चहा द्यायची वेळ. आणि सकाळी सात वाजता मी कुठे? तर न्यूयॉर्कला कामावर जाणाऱ्या आगगाडीत! पाऊण तासाचा प्रवास. कानांत इअरफोन घालून, खिडकीशी फोन धरून मी बाबांशी बोलत असे. शेवटी हडसन नदीखालचा बोगदा यायचा, १९१० सालचा जुना बोगदा. त्यात गाडी शिरली की चित्र गोठायचं. बोगदा आला म्हणजे आजची भेट संपली, हे बाबांनाही माहीत झालं होतं. त्याआधी मिनिटभर ते डावा हात वर करायचे.

रोजचा हा व्हिडिओ कॉल, महिन्याला वीस-बावीस दिवस. इकडचं तिकडचं धरून माझा वापर सहा जीबीच्या घरात जायचा. पण माझा प्लॅन अमर्याद! त्यामुळे बिल तेवढंच.

आणि २०१३ साली माझा फोन मोडकळीला आला. बॅटरी दुपारपर्यंतही टिकेना. चित्र मध्येच काळं पडे. एकदा बाबा पाटी दाखवत असतानाच फोन मिटला, आणि त्या दिवशी त्यांनी काय लिहिलं होतं ते मला कळायला चोवीस तास लागले. 'पाऊस पडला' एवढंच होतं. पण चोवीस तास जिवाला घोर लागला ना!

नवा फोन घेणं भाग होतं. आमच्या कंपनीचा नियम असा, की २०० डॉलरला सवलतीचा फोन घेतला तर जुना अमर्याद प्लॅन जाणार आणि मोजून इंटरनेटचा नवा प्लॅन लागणार. जुना प्लॅन ठेवायचा असेल तर फोनची पुरी किंमत मोजा : ६५० डॉलर. त्या वेळच्या भावानं ४० हजार रुपये! एका फोनला! आमच्या घरात दोन पक्ष पडले. मुलीचे बाबा म्हणाले, 'साडेचारशे डॉलर जास्त? काही गरज नाही.' मी म्हणाले, 'प्लॅन गेला तर पुन्हा मिळणार नाही.' मुलगी तेव्हा सहावीत होती. ती म्हणाली, 'भांडता कशाला? आजोबांना विचारू.'

तिनं एका मोठ्या कागदावर जाड अक्षरांत दोन्ही बाजू लिहिल्या आणि रविवारी घरून कॉल लावून तो कागद कॅमेऱ्यासमोर धरला. बाबांनी बराच वेळ तो वाचला. मग पाटी मागितली. डाव्या हातानं हळूहळू दोनच शब्द लिहिले : 'वापर किती?'

मित्रांनो, हे दोन शब्द नीट लक्षात ठेवा. आम्ही दोघं मोठी माणसं पैशावरून आणि भीतीवरून वाद घालत होतो. मोजलं कुणीच नव्हतं! मग मुलीनं मागच्या सहा महिन्यांची बिलं काढली, सरासरी धरली आणि हिशोब मांडला. तुम्हीही पेन्सिल घ्या.

पहिला मार्ग : जुना प्लॅन ठेवायचा. फोनचे ६५० डॉलर. इंटरनेटचे महिना ३० डॉलर, दोन वर्षांचे, म्हणजे २४ महिन्यांचे ७२० डॉलर. एकूण १३७०.

दुसरा मार्ग : सवलतीचा फोन घ्यायचा. फोनचे २०० डॉलर. पाच जीबीच्या प्लॅनचे महिना ५० डॉलर, आणि वरच्या एका जीबीचे १० डॉलर, असे महिना ६०. चोवीस महिन्यांचे १४४०. एकूण १६४०.

पाहिलंत? स्वस्त फोन २७० डॉलरनी महाग पडत होता! पण थांबा. समजा माझा वापर दोन जीबीच असता, तर तीस डॉलरचा लहान प्लॅन पुरला असता. मग दुसऱ्या मार्गाचा खर्च २०० अधिक ७२०, म्हणजे ९२० झाला असता, आणि जुना प्लॅन जपण्याच्या नादात आम्ही ४५० डॉलर उगाच घालवले असते. म्हणजे 'जुना प्लॅन चांगला की नवा' हा प्रश्नच अपुरा आहे. 'वापर किती?' हे कळल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

पैसे साठवायला आम्हांला तीन महिने लागले. मग तिघंही दुकानात गेलो. काउंटरवरचा मुलगा विशीतला, चुणचुणीत. त्यानं फोन दाखवला, कॉम्प्युटरवर टकटक केली आणि सही करायला कागद पुढे केला. माझी मुलगी तो कागद वाचू लागली. मुलगा हसून म्हणाला, 'सगळं नेहमीचंच आहे.' ती म्हणाली, 'मला पाच मिनिटं द्या.' तिसऱ्या मिनिटाला तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. प्लॅनच्या जागी आमच्या जुन्या प्लॅनचं नाव नव्हतं! नवा फोन नोंदवताना कॉम्प्युटरनं आपोआप नवा प्लॅन निवडला होता. तो मुलगाही चकित झाला. त्यानं आत जाऊन साहेबांना आणलं, नोंद दुरुस्त झाली, कागद पुन्हा छापला गेला, आणि मगच मी सही केली. पुढच्या महिन्याचं बिल आलं तेही आम्ही आधी त्या ओळीसाठी पाहिलं.

त्या पोराला मी दोष देत नाही. पण एवढं खरं, की बारा वर्षांच्या मुलीनं वाचलं म्हणून आमचा प्लॅन वाचला. एकदा गेला असता तर कुणाचा दोष यावर वाद घालत बसलो असतो, आणि गाडीतली ती पाऊण तासाची भेट महाग होऊन बसली असती.

घरी येताना मात्र तिनं मला कोड्यात टाकलं. म्हणाली, 'आई, माझ्या मैत्रिणीची आईपण तेवढेच तीस डॉलर भरते. तिला दोन जीबी मिळतात आणि तुला हवं तेवढं. का? तर तू आधी आलीस म्हणून. हे बरोबर आहे का?' काय उत्तर देणार? मी म्हणाले, 'मला दिलेला शब्द कंपनीनं पाळला. शब्द पाळणं चांगलंच ना?' ती म्हणाली, 'पण मग नळावर तू पिंप भरतेस आणि ती कळशी.' हेही खरं! आजोबांच्या सवलतीत हे दोन्ही असतं बघा. दिलेला शब्द पाळला जातो, हा न्याय. आणि नुसतं उशिरा आल्यामुळे कुणालातरी कमी मिळतं, हा अन्याय. चाळीतल्या खोलीचं, पेन्शनचंही तसंच. तुमचं काय मत आहे? घरी जेवताना हा विषय काढून पाहा. बहुतेक ताट वाळेपर्यंत वाद चालेल!

बरं, अमेरिकेतल्या त्या 'पोटभर' शब्दाचं पुढे काय झालं? एटी अँड टीनं २०११ पासून जास्त वापर करणाऱ्या जुन्या अमर्याद गिऱ्हाइकांचं इंटरनेट महिन्याच्या उरलेल्या दिवसांत मुद्दाम मंद करायला सुरुवात केली. बंद नाही, मंद! ती अर्ध्या तासानं येणारी अर्धी चपाती आठवली ना? ऑक्टोबर २०१४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनं कंपनीवर खटला भरला. तिचं म्हणणं, ३५ लाखांहून जास्त गिऱ्हाइकांना याचा फटका बसला. कंपनीचं म्हणणं, आम्ही आधी कळवलं होतं. खटला पाच वर्षं चालला. २०१९ साली कंपनीनं ६ कोटी डॉलर देऊन तडजोड केली आणि यापुढे अशी मर्यादा असेल तर ती ठळकपणे सांगायची, बारीक अक्षरांत लपवायची नाही, हे कबूल केलं. म्हणजे खाणावळवाल्याला पाटीवर लिहावं लागलं : 'तीन चपात्यांनंतर उशीर होईल'!

जुने प्लॅन मोडीत काढायचे आणखीही मार्ग होते. व्हेरायझननं नोव्हेंबर २०१५ मध्ये जुन्या अमर्याद प्लॅनचे दर महिना २० डॉलरनी वाढवले. एटी अँड टीनं २०१६ च्या फेब्रुवारीत ५ डॉलरनी. मग गंमत अशी, की फेब्रुवारी २०१७ मध्ये दोन्ही कंपन्यांनी अमर्याद प्लॅन सगळ्यांसाठी पुन्हा सुरू केले! पण आता त्यांत लिहिलेलं होतं, की २२ जीबीनंतर गर्दीच्या वेळी वेग कमी होऊ शकेल. शब्द तोच, अर्थ बदललेला.

आमचे बाबा २०१६ च्या पावसाळ्यात गेले. शेवटच्या आठवड्यापर्यंत सकाळची ती भेट चुकली नाही. त्यानंतर गाडीत मी फोन काढायची नाही. खिडकीतून बाहेर बघत बसायची. प्लॅन मात्र तसाच चालू होता. तो सोडायचा म्हटलं की हात पुढे होईना. वर्षभरानं एक दिवस मुलगी जवळ येऊन बसली. तिच्या हातात बिलं होती. हळूच म्हणाली, 'आई, वापर किती?'

दोन जीबीसुद्धा नव्हता. आम्ही तो प्लॅन सोडला. त्याचं काम त्यानं पुरं केलं होतं. ती पाटी वहिनीनं मला पाठवून दिली आहे, ती माझ्याकडे आहे. तिच्यासाठी कुठल्याच प्लॅनची गरज नाही.

मित्रांनो, आता तुमच्याकडे पाहू. भारतात फोन आणि प्लॅन वेगळे असल्यामुळे फोन बदलला म्हणून प्लॅन जात नाही. हे आपल्याकडचं फार चांगलं आहे. जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनीही बदलता येते. पण 'अनलिमिटेड' हा शब्द आपल्याकडेही जाहिरातीत जाड अक्षरांत असतो. त्याच्या खाली बारीक अक्षरांत काय असतं ते वाचा. अनेक पॅकमध्ये दिवसाला दीड किंवा दोन जीबी झाले, की वेग गोगलगाईसारखा होतो. नाव अमर्याद, पण मर्यादा रोजची!

म्हणून घरात नवा फोन किंवा नवा पॅक घ्यायची वेळ आली, की तुम्ही पुढे व्हा. आईबाबांना आधी विचारा, 'वापर किती?' फोनच्या सेटिंगमध्ये महिन्याचा वापर दिसतो, तो तीन महिने वहीत लिहा. मग विचारा, 'जे आहे ते सोडलं तर परत मिळेल का?' आणि सही करण्याआधी, किंवा 'मान्य आहे' या शब्दांवर बोट टेकवण्याआधी, म्हणा, 'मला पाच मिनिटं द्या.' समोरचा हसेल. हसू द्या. तुम्ही वाचा.